'शी टेक' कसं बरोबर असेल?

वाचकाचा प्रश्न: मी कळव्यात राहते, वय २६. दहावीपर्यंत मराठी मीडियम. ऐरोलीच्या एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे आणि नोकरी सांभाळून एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन) आणि बँकेच्या परीक्षा देते. गणित आणि रीझनिंग जमतं, इंग्रजीत वाक्यातली चूक शोधायची असली की गडबडते. मागच्या मॉक टेस्टला 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी टेक्स रेस्ट' हे वाक्य होतं. मी 'नो एरर' टिक केलं, उत्तर निघालं 'शी टेक'. कर्ता 'शी' असताना एस नको, हे कसं? क्लासचे सर म्हणाले, "सबजंक्टिव्ह आहे, कानाला विचित्र वाटेल तेच बरोबर धरायचं." आमचा क्लायंट लंडनचा आहे. त्यांच्या मेलमध्ये 'इफ आय वॉज यू' सर्रास असतं. तरी मी जोशात टीम लीडच्या मेलमधलं 'वॉज' काढून 'वेअर' केलं आणि सगळ्यांदेखत ऐकून घेतलं, की क्लायंटला चालतं ते तुला का चालत नाही? माझा पायाच कच्चा आहे. ठाणे स्टेशनजवळ इंग्रजीची स्पेशल बॅच आहे, फी अठरा हजार आणि वेळ सकाळची, म्हणजे नोकरी सोडावी लागेल. सोडू का? की असले प्रश्न सरळ वगळत जाऊ?

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात घाई दिसते. नोकरी सोडू नका. निदान या कारणासाठी तरी नको. एसएससीच्या सीजीएल, म्हणजे पदवीधरांसाठीच्या परीक्षेत पहिल्या टप्प्याला १०० प्रश्न आणि ६० मिनिटं. त्यात इंग्रजीचे २५, प्रत्येकी २ गुण, उत्तर चुकलं की अर्धा गुण वजा. बँकेच्या क्लार्क प्रिलिम्सला इंग्रजीचे ३० प्रश्न, वेळ २० मिनिटं. एवढ्यात सबजंक्टिव्हचा, म्हणजे घडायला हवं किंवा कल्पनेतलं ते सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाचा, एखादा निघतो, पुष्कळदा तोही नसतो. बाकी सगळी उताऱ्यांची, गाळलेल्या जागांची आणि शब्दार्थांची गर्दी. एका प्रश्नापायी अठरा हजार रुपये आणि वर दरमहाचा पगार घालवायचा, हे काही मला पटत नाही.

पण प्रश्न वगळूही नका. इंग्रजीतली शब्दयोगी अव्ययं आयुष्यभर पुरून उरतात, आर्टिकलांना अंत नाही. हा विषय मात्र चिमूटभर आहे आणि चार-पाच संध्याकाळींत संपतो. संपला की परत त्रास देत नाही.

आता ते 'पायाच कच्चा'. तुमच्या वाक्यात तुम्ही चुकलात ते नियम येत नव्हता म्हणून नाही, येत होता म्हणून. 'ही', 'शी', 'इट' आलं की क्रियापदाला एस लावायचा हे तुमच्या अंगवळणी पडलेलं आहे. ज्याला हे येतच नाही त्याला 'शी टेक' खटकलंही नसतं आणि तो सुखाने दोन गुण घेऊन गेला असता. प्रश्न काढणाऱ्याने सापळा लावलाय तो नियम पाठ असणाऱ्यांसाठीच. तेव्हा मीडियमला दोष देणं सोडा. उलट या एका विषयात मराठी मीडियमची मुलगी चार पावलं पुढे असते, असं माझं मत आहे. का ते सांगते.

तुमचं ते वाक्य मराठीत म्हणून बघा. 'तिने विश्रांती घ्यावी, असं डॉक्टरांनी सुचवलं.' 'ती विश्रांती घेते, असं डॉक्टरांनी सुचवलं' असं तुम्ही झोपेतही म्हणणार नाही. 'घेते' म्हणजे घडतंय, 'घ्यावी' म्हणजे घडायला हवं. हा फरक तुम्ही शाळेत नाव घालायच्या आधीपासून करताय. इंग्रजी तोच फरक 'टेक्स' आणि 'टेक' यांत करते. शाळेत 'क्रियापदाचे अर्थ' म्हणून एक धडा होता, आठवतोय का? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. स्पर्धा परीक्षांच्या मराठीच्या पेपरातही हे विचारतात आणि आपली मुलं पटापट सोडवतात. सबजंक्टिव्ह म्हणजे परीक्षेपुरतं बोलायचं तर आपला विध्यर्थ ('घ्यावी') आणि संकेतार्थ ('असते, तर') यांच्यातला काही भाग. एवढंच, की आपल्याकडे प्रत्यय ठसठशीत आहे, वा-वी-वे कानाला लगेच कळतं. इंग्रजीतही एके काळी या रूपांना वेगळे प्रत्यय होते, ते शतकांच्या ओघात झिजून गेले. आता फरक डोळ्यांना दिसतो तो मोजक्या ठिकाणी: एकवचनी तृतीय पुरुषाचा एस गळतो, 'इज-ॲम-आर'च्या जागी नुसतं 'बी' येतं आणि कल्पनेतल्या 'इफ'नंतर 'वॉज'ऐवजी 'वेअर' येतं. 'दे गो' म्हटलं तर काही दिसतच नाही. म्हणून अशा प्रश्नात 'दॅट'नंतरचा कर्ता बहुधा एकटाच असतो: ही, शी, द मॅनेजर, एव्हरी कँडिडेट. हे एकदा लक्षात आलं की प्रश्न लांबूनच ओळखता येतो.

मराठीवरून आणखी तीन गोष्टी आपोआप सुटतात. 'सजेस्टेड' भूतकाळी आहे म्हणून पुढे 'टूक' टिक करणारे खूप असतात. पण डॉक्टरांनी काल सुचवलं काय आणि उद्या सुचवतील काय, 'घ्यावी' ती घ्यावीच राहते, तिला काळ चिकटत नाही. 'टेक'लाही नाही. दुसरं नकाराचं. 'त्याने जाऊ नये' यात 'जात नाही'ची छाया नाही, तसंच इंग्रजीत 'दॅट ही नॉट गो' होतं, 'डज नॉट गो' होत नाही. आणि तिसरं कर्मणी. इथे आपल्या सरकारी परिपत्रकांचे आभार मानायला हवेत. 'अर्ज दोन प्रतींत सादर करण्यात यावा', 'थकबाकी तात्काळ वसूल करण्यात यावी'. हे वाचून वैताग येतो, पण 'दॅट द ॲप्लिकेशन बी सबमिटेड' हे त्याचंच भावंड. पर्यायांत 'इज', 'विल बी', 'हॅज बीन' यांच्या गर्दीत एकटं, उघडंबोडकं 'बी' दिसलं की वाक्यात 'करण्यात यावे' बसतंय का ते बघायचं.

मात्र 'वा' ऐकू आला की डोळे मिटून एस खोडायचा, असं करू नका. त्यात फसायला होतं. पहिला खड्डा आपल्याच विध्यर्थात आहे. 'तो घरी जावा' आणि 'तो आता घरी असावा' यात पहिल्यात सांगणं आहे, दुसऱ्यात नुसता अंदाज. पुस्तकात विध्यर्थाच्या छटा देतात, कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता. त्यातली शक्यता इथे उपयोगाची नाही. 'पुराव्यावरून तो दोषी असावा असं दिसतं' याचं इंग्रजी 'द एव्हिडन्स सजेस्ट्स दॅट ही इज गिल्टी', 'बी गिल्टी' नव्हे. क्रियापद तेच, 'सजेस्ट'. पण डॉक्टर सुचवतात आणि पुरावा सुचवतो यात फरक आहे. पुरावा कोणाला काही करायला सांगत नाही.

'इन्सिस्ट'चंही तसंच, आणि परीक्षकांचं हे लाडकं क्रियापद आहे. 'ती निर्दोष आहे, असं तो ठासून सांगत राहिला' हे 'ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज इनोसंट'. 'तिने हजर राहावं, असा त्याने आग्रह धरला' हे 'ही इन्सिस्टेड दॅट शी बी प्रेझेंट'. तुमच्या सरांचा 'कानाला विचित्र ते बरोबर' हा तोडगा पहिल्या वाक्यात लावलात तर हमखास अर्धा गुण जाईल. सरांचा हेतू चांगला असेल, वर्गात साठ मुलं बसवून झटपट काहीतरी द्यायचं असतं. पण तो नियम नाही, तो नाद आहे, आणि नादाला लागलं की बरोबर वाक्यंसुद्धा चुकीची दिसायला लागतात.

दुसरा खड्डा असा की मराठी जिथे 'वा' वापरते तिथे इंग्रजी दर वेळी सबजंक्टिव्ह वापरत नाही. 'तो पास व्हावा अशी आशा आहे' याला 'आय होप ही पासेस', एस शाबूत. 'त्याने यावं असं मला वाटतं' याला सरळ 'आय वॉन्ट हिम टू कम'. म्हणून अर्थाबरोबर आधीचं क्रियापदही ओळखीचं हवं. यादी लांब नाही: सजेस्ट, रेकमेंड, प्रपोज, डिमांड, इन्सिस्ट, रिक्वेस्ट, ऑर्डर, ॲडव्हाइज. आणि 'इट इज'नंतर येणारी विशेषणं, इसेन्शियल, नेसेसरी, व्हायटल, इम्परेटिव्ह वगैरे. आधी मराठी ऐकायची, मग यादीत बघायचं. दोन्हीकडून होकार आला तर एस काढा. 'लेस्ट' वेगळं. 'पडू नये म्हणून' हा त्याचा अर्थ, म्हणजे नकार त्याच्या पोटातच आहे. पुढे आणखी 'नॉट' घातलेला असेल तर चूक तिथेच. आपल्या परीक्षांत 'लेस्ट'च्या जोडीला 'शुड' लागतोच असं धरून चालतात, तसंच धरा.

आता 'इफ'. इथे 'असेल' आणि 'असता' हे दोन शब्द पुरतात. 'तो काल उशिरा आला असेल, तर त्याची गाडी चुकली असणार.' आला की नाही हे ठाऊक नाही, पण शक्य आहे. तिथे 'इफ ही वॉज लेट' बरोबर, 'वेअर' केलं तर चूक. 'मी तुझ्या जागी असते, तर', आणि मी तुझ्या जागी नाही, होणारही नाही. तिथे 'इफ आय वेअर'. 'मला कळलं असतं, तर आले असते', आणि वेळ निघून गेली. तिथे 'इफ आय हॅड नोन', किंवा 'इफ' गाळून 'हॅड आय नोन'. 'वुड हॅव नोन' हे 'इफ'च्या अंगणात कधीच नको; ते वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात शोभतं. आपण दोन्हीकडे 'असतं-असते' म्हणतो ना, म्हणून ही एक चूक मात्र मराठीमुळे होते, हे कबूल. आणि 'त्याने विचारलं, तू तयार आहेस का' छापाच्या वाक्यात 'इफ' किंवा 'व्हेदर' दिसलं म्हणून 'वेअर' घुसडायचं नाही. तिथे कल्पना कसलीच नाही, साधी चौकशी आहे. 'इट इज हाय टाइम'नंतर भूतकाळ, 'वी लेफ्ट'. आपणही म्हणतोच की, एव्हाना निघायला हवं होतं.

'ॲज इफ'ला मात्र मराठीवर विसंबू नका. 'मालक आहे जणू, अशा थाटात बोलतो' यात आपण बिनदिक्कत 'आहे' म्हणतो. इंग्रजीत 'ॲज इफ ही वेअर द ओनर'. हे पाठच करा.

लंडनच्या क्लायंटबद्दल तुमच्या पत्रात एक गृहीत दडलंय: इंग्रजी त्यांची, तेव्हा ते लिहितील ते बरोबर, आणि ते बरोबर असेल तर परीक्षा चूक, किंवा परीक्षा बरोबर असेल तर ते अडाणी. यातलं काहीच खरं नाही. ब्रिटनमध्ये बोलण्यात आणि रोजच्या मेलमध्ये 'इफ आय वॉज यू' चालतं, कोणी दचकत नाही. 'सजेस्टेड दॅट शी टेक्स' असंही तिथे ऐकू येतं. नीट लिहायचं असेल तर ते 'शी शुड टेक' लिहितात. नुसतं 'टेक' अमेरिकेत जास्त रुळलेलं आहे. म्हणजे तुम्ही 'नो एरर' टिक केलंत ते अगदी हवेतून नव्हतं, रोज वाचनात येणाऱ्या इंग्रजीवरून होतं. परीक्षेला मात्र औपचारिक, छापील इंग्रजी हवं असतं आणि तिच्या दारात ते नेऊन द्यायचं. आपण बोलताना 'आलोय' म्हणतो आणि अर्जात 'आलो आहे' लिहितो, तेव्हा 'आलोय' अशुद्ध होत नाही.

म्हणून टीम लीडच्या मेलला हात लावायचं कारण नव्हतं. त्यांनी सगळ्यांदेखत बोलायला नको होतं, ते चुकलंच. पण 'वॉज'बद्दल त्यांचं म्हणणं त्या मेलपुरतं बरोबर होतं. वाचणारा लंडनचा, मेल घाईचा, अर्थ पोचला, काम झालं. दुसऱ्याचं लेखन आपण होऊन तपासायला घेतलं की आपण कितीही बरोबर असलो तरी समोरच्याला ते शहाणपण वाटतं. एक चांगलं झालं: 'वेअर' तुम्हाला आता जन्मात विसरायचं नाही. एखादा औपचारिक प्रस्ताव किंवा करार त्यांच्याकडून जाणार असेल आणि त्यांनी 'बघ जरा' म्हटलं, तेव्हा जरूर दुरुस्त करा. स्वतःच्या मेलमध्ये 'आय सजेस्ट दॅट ही बी इन्फॉर्म्ड' लिहून शेजारच्याला हसू येत असेल तर 'शुड बी इन्फॉर्म्ड' लिहा. तेही बरोबर आहे, आणि हसणाराही गप्प.

बॅचबद्दल. मी क्लासच्या विरोधात नाही. पण अठरा हजार देण्याआधी एक डेमो लेक्चर मागून घ्या आणि तिथे 'इन्सिस्ट'ची ती दोन वाक्यं विचारा. कारण सांगितलं तर बॅच विचार करण्याजोगी, 'पाठ करून टाका' म्हणाले तर चहा पिऊन परत या. आणि विचार करायचाच तर संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची वेळ मागा. तुम्हाला गुण कुठे मिळतील तर उताऱ्यांत, आणि त्याला क्लासपेक्षा वाचन लागतं. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी मेल वाचताच, त्यात रोज एका इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख घाला. कळव्याच्या लोकलमध्ये हात हलवायला जागा नसते हे ठाऊक आहे, पण ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीत एखाद्या दिवशी बसायला मिळतं. घरी शांतता नसेल तर ठाण्यात अभ्यासाच्या जागा आहेत. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, महापालिकेची चिंतामणराव देशमुखांच्या नावाची प्रशिक्षण संस्था आहे. दोन्हीकडे चौकशी करा.

आणि एक वही करा. जुन्या प्रश्नपत्रिकांतली अशी वाक्यं शोधून डाव्या पानावर मराठीत लिहायची, उजवं पान कोरं. मराठी स्वतःची हवी, गाईडमधली नको, आणि शब्दशः तर नकोच. आई शेजारणीला सांगेल तसं. दुसऱ्या दिवशी डाव्या पानावरून उजवं भरायचं आणि मग प्रश्नपत्रिकेशी ताडून बघायचं. जिथे चुकेल तिथे बहुतेक 'आशा', 'अंदाज' किंवा 'जणू' असेल. वीस-पंचवीस वाक्यं झाली की थांबा. त्यापुढे तीच तीच वाक्यं नावं बदलून येतात, आणि तुमचा वेळ आर्टिकलांना हवा आहे. परीक्षेत अशा प्रश्नाला अर्धं मिनिट द्या. मराठी ऐकू आली नाही, यादीही आठवली नाही, तर सोडून पुढे जा. तिथे वगळणं शहाणपणाचंच आहे, कारण वजा गुण आहेत.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येणाऱ्या आणखी काहींची तक्रार असते की उत्तरतालिकाच चुकीची आहे. असं खरंच होतं. एसएससी काय किंवा एमपीएससी काय, आधी तात्पुरती तालिका लावतात, हरकती मागवतात आणि मग अंतिम तालिका काढतात. मुदत थोडी असते, एसएससीला प्रत्येक प्रश्नामागे शुल्कही असतं. तेव्हा कशावर हरकत घ्यायची ते बघून घ्या. 'शी शुड टेक' दिलं आणि ते चूक धरलं, तर नक्की घ्या, प्रमाण व्याकरणाचं पान जोडून. 'इन्सिस्टेड दॅट शी वॉज इनोसंट'मध्ये कुणी चूक काढली असेल, तरीही घ्या. 'शी टेक्स'साठी मात्र लंडनचे मेल जोडून पाठवू नका, शुल्क वाया जाईल.